जुनी आठशे : चढावर इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही

घाटवाट
नमस्कार मंडळी. वडिलांची १९९६ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. वडील आता चालवत नाहीत, पण विकायचा विषय काढला की घरात दोन दिवस शांतता पसरते. म्हणून गाडी माझ्याकडे पुण्याला आणली. अधूनमधून पुणे-कराड होतं, बाकी भाजी आणि मुलांचे क्लास.

तक्रारी ऐका. खंबाटकी चढताना तिसऱ्यात रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र होती त्याच वेगाने रांगते. उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की तिसरा कधीकधी आपोआप निसटून न्यूट्रलला येतो. आणि तासभर चालवून टोलला किंवा सिग्नलला उभी केली की बंद पडते. स्टार्टर फिरतो, पण उठत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी चालू होते. शिवाय क्लचचं पेडल पूर्वीपेक्षा जड लागतं आणि रिव्हर्स टाकताना करकर होते.

जवळच्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "इंजिन, गिअरबॉक्स दोन्ही उतरवू, एकदाच काम करून टाका." ३५,००० सांगितले. गाडीला तरी तेवढे येतील का, शंका आहे. कुणी काही उघडण्याआधी मला घरच्या घरी काय तपासता येईल?

डोंबिवली_स्लो
त्यातले पाचशे खर्चून वडिलांना मिसळ खायला न्या आणि तिथे पुन्हा विषय काढा. तोंडात तर्री असताना माणूस नाही म्हणू शकत नाही.

पाना_दहा_बारा
डोंबिवलीकर, तुम्ही थांबा जरा.

घाटवाट, तुम्ही एका गाडीची गोष्ट सांगताय, पण दुखणी तीन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. गॅरेजवाल्याने तिघांची मोट बांधून एक आकडा सांगितला, हे त्याच्या सोयीचं आहे.

पहिलं दुखणं गिअरबॉक्सचं नाही. आत दाताला दात लागलेला असतो. दात तुटला तर खडखडाट ऐकू येईल, गिअर निसटला तर न्यूट्रल होईल. पण गिअर पडलेला आहे, इंजिन जोरात फिरतंय आणि गाडी ओढत नाही, तेव्हा क्लच सरकतोय, म्हणजे त्याची प्लेट घट्ट धरत नाही, असं समजा. आठशेला आरपीएमचा काटा नसतो, त्यामुळे कानावरच भिस्त. सपाट मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला एकदम पूर्ण रेस द्या. आवाज आणि वेग बरोबरीने वाढले तर क्लच ठीक. आवाज आधी पळाला आणि वेग मागून आला तर प्लेट सरकतेय.

जागेवर बघायचं तर हँडब्रेक घट्ट ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, समोर कुणी उभं नको. तिसरा गिअर टाकून थोडी रेस धरा आणि क्लच नेहमीसारखा सोडा. इंजिन जागच्या जागी बंद पडलं पाहिजे. घुरघुरत चालूच राहिलं तर उत्तर मिळालं. हे एकदाच करायचं, गंमत म्हणून पुन्हा पुन्हा नाही. उरलेली प्लेटही जळेल.

कराडचा_पाहुणा
+१. घाट चढून झाल्यावर काच खाली करून वास घ्या. जळका, करपट वास आला तर प्लेट. मी खंबाटकीच्या माथ्यावर ट्रकवाल्यांच्या क्लचचा वास घेतच मोठा झालोय.

सुमेधा_क
सगळे प्लेटवर उडी मारताय, पण मूळ पोस्टमधलं "पेडल जड लागतं" हे वाक्य कुणी वाचलंच नाही का?

आठशेचा क्लच केबलवर चालतो. केबलच्या आतली तार गंजली किंवा आवरण कुठे मुडपलं तर ती अडकत अडकत सरकते. पाय दाबताना जोर लागतो आणि पाय काढल्यावर तार पूर्ण परत येत नाही. म्हणजे तुम्ही पाय काढलेला असतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो, आणि प्लेट सरकते. उलट पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नसेल तर रिव्हर्स टाकताना करकर. दोन्ही लक्षणं एकाच केबलची असू शकतात. आधी पेडलची मोकळीक बघा. हाताच्या बोटांनी दाबलं तर सुरुवातीचा दीड-दोन सेंटीमीटरचा प्रवास अगदी हलका हवा. तो नसेल तर बाकी काही तपासण्यात अर्थ नाही.

पाना_दहा_बारा
सुमेधाताई, मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणारी स्प्रिंग, म्हातारी झाली तरी पेडल जड होतं. आणि मोकळीक प्लेट झिजल्यानेही संपते. अस्तर पातळ झालं की प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि केबल ताणली जाते. त्यामुळे मोकळीक नाही एवढ्यावरून केबलला दोषी ठरवता येत नाही.

सुमेधा_क
ठरवत नाहीये, वेगळं काढायचा मार्ग सांगतेय. गिअरबॉक्सकडच्या टोकाला केबलचा नट सैल करून ती लिव्हरमधून सोडवायची. मग पेडल हाताने दाबून बघायचं. आता पलीकडे कुठली स्प्रिंगच नाही, तर केबल सुळकन् सरकली पाहिजे. तरीही अडखळत असेल तर केबल किंवा पेडलची पिन. सुळकन् सरकली तर जडपणा पलीकडे, म्हणजे तुमची प्रेशर प्लेट. दहा मिनिटांचं काम आहे आणि नवी केबल काही शेकड्यांत येते.

आणि आठशेच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना दातांचा वेग जुळवणारी रिंग) नाही हेही लक्षात घ्या. क्लच दाबल्या दाबल्या लगेच रिव्हर्स टाकला तर धडधाकट गाडीतही करकर होते. दोन-तीन सेकंद थांबून टाका. तरीही वाजत असेल तरच ते लक्षण मोजा.

पाना_दहा_बारा
हे मान्य. लिहून घ्या, घाटवाट.

डोंबिवली_स्लो
पानासाहेबांनी धाग्यावर काहीतरी मान्य केलं. मोकळीक आली बहुतेक.

पद्मिनीवाले_आजोबा
गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे व्हेपर लॉक, पेट्रोलची वाटेतच वाफ होऊन पुरवठा अडतो. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असणारी. पेट्रोल पंप इंजिनला चिकटलेला. मे महिन्यात बोरघाट चढायचा म्हणजे एक कॅन पाणी रेडिएटरसाठी आणि एक फडकं पंपासाठी. ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं, गाडी निघायची. सगळ्या टॅक्सीवाल्यांच्या बोनेटखाली ते फडकं असायचं. त्या गाडीचा पहिला गिअर तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडायचाच नाही. पण मुलांनो, २०००च्या आसपास ती बंद झाली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिच्याइतका मागचा सोफा पुन्हा कुठल्या गाडीत मिळाला नाही.

कराडचा_पाहुणा
आजोबा, कॉलममधल्या गिअरवर वेगळा धागा काढा. आम्ही सगळे येऊ.

ठिणगी
आजोबांचा अनुभव खरा आहे, आणि फडक्याने काही बिघडत नाही. पण आठशेला लगेच व्हेपर लॉकचं लेबल लावू नका. गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर चालू होणं हे ठिणगीला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलचंही ठरलेलं नाटक आहे. पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीचा प्रवाह यांत्रिक संपर्काने जोडणारी-तोडणारी गाडी असेल तर कंडेन्सरचंही. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून बघा पॉइंट आहेत की इलेक्ट्रॉनिक. इतक्या वर्षांत कुणी बदललेलंही असू शकतं.

बंद पडलेल्या इंजिनला दोनच प्रश्न विचारायचे : पेट्रोल आहे का, ठिणगी आहे का? आणि ते बंद पडलेलं असतानाच विचारायचे. गार होऊन चालू झाल्यावर कुठलाही मेस्त्री काहीही सांगू शकत नाही, तो फक्त भाग बदलत जातो.

पेट्रोलसाठी एअर फिल्टरचं झाकण काढून कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि हाताने थ्रॉटल ओढा. बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल पोचतंय. ठिणगीसाठी एक जादा प्लग जवळ ठेवा, तो प्लगवायरला लावून त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. प्लग हातात धरायचा नाही, इन्सुलेटेड पक्कडीने धरा. आणि हे करण्याआधी झाकण परत लावा; पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी पाडूच नका.

एक फुकटची तपासणीही आहे. बंद पडल्यावर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी उठली, तर झाकणातून हवा जायची वाट बुजली आहे. अशा गाड्यांवर लोकांनी पंप बदललेले मी पाहिलेत.

न्यूजर्सीकर
वाचतोय. इकडे माझ्याकडे जुनी ऑटोमॅटिक आहे. तीही हल्ली रेस दिल्यावर क्षणभर विचार करते आणि मग गिअर टाकते. एक जण म्हणतो ट्रान्समिशन फ्लुइड बदल, दुसरा म्हणतो इतक्या वर्षांनी बदललंस तर गिअरबॉक्स जाईलच. कुणाचं ऐकू?

पाना_दहा_बारा
आधी डिपस्टिक असेल तर काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाका. लालसर आणि पारदर्शक असेल तर पातळी नीट करून थोडं-थोडं बदलत जा : प्लग काढून जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच नवीन भरायचं. मशीनने दाब देऊन धुवायचं नाही. काळपट आणि जळका वास असेल तर आतल्या क्लचच्या चकत्या झिजल्या आहेत. अशा चकत्या आधीच जेमतेम पकड धरून असतात. अशात नवं तेल घातल्यावर गाडी थांबली की लोक तेलाला शिव्या देतात. दोष आधीच्या दुर्लक्षाचा असतो.

न्यूजर्सीकर
काळपट आहे. वास घ्यायचं धाडस झालं नाही.

विदा_कुठे_आहे
पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल अजून कुणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. देशात २०२५मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर गेलं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर-प्लास्टिकचे भाग ते सोसण्यासाठी केलेले आहेत. १९९६च्या गाडीचे होज नाहीत. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ताकद अशीच गेली. मग चढावर गाडी ओढणार कशी?

पाना_दहा_बारा
सहा-सात टक्क्यांनी गाडी मंद होईल. इंजिन ओरडून गाडी जागेवर राहणार नाही. इथेनॉलने क्लच सरकत नाही हो.

ठिणगी
तरी विदांचा मुद्दा तिसऱ्या तक्रारीला लागू आहे. इंजेक्शनच्या गाडीत मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, की ऑक्सिजन सेन्सर ओळखतो आणि पेट्रोल वाढवलं जातं. कार्ब्युरेटरला काहीच कळत नाही, जेटचं, म्हणजे पेट्रोल येण्याचं, भोक आहे तेवढंच. त्यामुळे आयडलिंग डगमगतं, चढावर इंजिन जास्त तापतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, आणि तुमची गाडी बराच काळ उभी असते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी होज आणि क्लिपा बदला, फिल्टर बदला. तो खर्च कुणी सांगो न सांगो, कराच. जुन्या होजमधून गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं हे बंद पडण्यापेक्षा भयंकर आहे.

विदा_कुठे_आहे
म्हणजे मी बरोबर होतो.

डोंबिवली_स्लो
तीनपैकी एका तक्रारीत, ३३ टक्के. मिश्रणाचं प्रमाण वाढवा.

हिशेबनीस
सगळे तंत्र सांगताय, मी पैसे सांगतो. गाडी वीस वर्षांच्या पुढची आहे. ऑगस्ट २०२५ पासून अशा चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १०,००० झाली आहे, त्यावर पर्यावरण कर आणि फिटनेस. दिल्लीसारखी वयाची बंदी महाराष्ट्रात नाही, हे खरं. पण नोंदणी कधीपर्यंत आहे ते बघा आणि मग क्लचचा विचार करा. कागद संपत आले असतील तर नवा क्लच घालून काय उपयोग?

घाटवाट
हिशेबनीस, नोंदणी गेल्या वर्षीच वाढवून घेतली, जुन्या दरात. तो पेपर सुटला.

बाकीचा अहवाल देतो. पेडलला मोकळीक शून्य होती. सुमेधाताईंनी सांगितल्याप्रमाणे केबल सोडवून पेडल दाबलं, तर निम्म्या वाटेत अडकतं आणि मग झटक्याने पुढे जातं. केबल बाहेर काढली. आवरण फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) दबलेलं होतं. नवी टाकून मोकळीक लावली. पेडल हलकं झालं, रिव्हर्स थांबून टाकला तर आवाज नाही. पण जागेवरची चाचणी केली तर इंजिन लगेच बंद पडत नाही, घुटमळून पडतं. आधीपेक्षा बरं, पण बरोबर नाही.

गाडी कात्रजपाशी बंद पडली तेव्हा जादा प्लग बरोबर होता. पिचकारी व्यवस्थित. टाकीचं झाकण उघडून काही फरक नाही. ठिणगी मात्र कधी पिवळट, कधी नाहीच. गार झाल्यावर तोच प्लग कडक निळा. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट नाहीत.

ठिणगी
मग कॉइल किंवा इग्नायटर, म्हणजे पॉइंटच्या जागी आलेला इलेक्ट्रॉनिक भाग. आधी कॉइल. कुणाकडून चालू गाडीची मागून आणा, लावा, आणि मुद्दाम गरम करून बघा. तिथेही गेली तर इग्नायटर. फडकं आजोबांना परत करा.

पद्मिनीवाले_आजोबा
फडकं राहू दे. प्लग पुसायला कामी येईल.

सुमेधा_क
केबल अडकल्यामुळे बराच काळ प्लेट अर्धवट सरकत राहिली असणार, त्यात ती चकाकली किंवा झिजली. आता प्लेट बदलावीच लागेल. पानासाहेब जिंकले, मी हरले नाही.

पाना_दहा_बारा
बरोबरी. घाटवाट, प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, पण उघडावा लागत नाही. गॅरेजवाल्याला हे आधी स्पष्ट सांगा आणि मजुरी तेवढ्याचीच ठरवा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही, नाहीतर नवी प्लेट तेल पिऊन पुन्हा सरकेल. इंजिन कशासाठी उतरवायचं होतं, हे त्याला विचारा. धूर? ऑइल खाते? कूलंट कमी होतं?

घाटवाट
धूर नाही. ऑइल जाणवण्याइतकं कमी होत नाही. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली, म्हणून ऑइलमध्ये पाणी शिरतंय, हेड गॅस्केट गेलं, असं तो म्हणत होता.

पाना_दहा_बारा
पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती साय साध्या ओलाव्याने धरते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आणि कूलंटची पातळी स्थिर असेल तर हेडला हात लावू देऊ नका. खात्रीच हवी तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ असले की झालं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा : आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मोजमाप नसताना "इंजिनकाम" म्हणणाऱ्याच्या हातात पाना देऊ नये.

कराडचा_पाहुणा
तिसरा निसटतो त्याचं काय? मूळ प्रश्नातला तो भाग राहिलाच.

सुमेधा_क
आधी माउंटिंग, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणारी रबरं. बोनेट उघडा, ब्रेक दाबून एकाला पहिल्यात क्लच किंचित सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये. बघणाऱ्याने गाडीच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. इंजिन जागेवरून उसळत असेल तर रबर फाटलं आहे. इंजिन-गिअरबॉक्स एकत्र हलतात आणि गिअरचा रॉड बॉडीकडून येतो, त्यामुळे पाय काढल्यावर इंजिन मागे झुकलं की तोच रॉड गिअर ओढून काढतो. रॉडचे बुश पण बघा.

घाटवाट
बघितलं. एक माउंटिंग फाटलेलं, बुश तर जवळजवळ नाहीतच. दोन्ही बदलले. दांड्याचा खुळखुळाट गेला, दुसरा-चौथा लोण्यासारखे पडतात. पण तिसरा उतारावर अजून निसटतो. कमी वेळा, पण निसटतो.

पाना_दहा_बारा
मग दोष आत आहे. गिअर धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग, गिअर सरकवणारा फोर्क, किंवा तिसऱ्याच्या स्लीव्हचे दात गोल झालेले. गिअरबॉक्स उतरेल तेव्हा ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा आणि त्यात चुंबक फिरवा. बारीक करडा गाळ चिकटला तर ती वयाची झीज, चालतं. कणी किंवा कपची आली तर उघडा. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक म्हणजे सिंक्रोच्या पितळी रिंगा.

हिशेबनीस
उघडायची वेळ आली तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात आख्खा गिअरबॉक्स विचारा. सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडू शकतो.

पाना_दहा_बारा
दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं होईल. आधी ऑइल बघा.

घाटवाट
काम झालं. क्लचचा पूर्ण संच, क्रँकचं सील (ओलं होतं), होज, फिल्टर. कॉइल मित्राच्या गाडीची लावून बघितली होती, गरम होऊनही ठिणगी टिकली, म्हणून नवी घेतली. मजुरीसकट सगळं १२,०००च्या आत. खंबाटकी तिसऱ्यात चढली.

ऑइलमध्ये करडा गाळ आणि थोडी पिवळी चमक होती, कपची नाही. गिअरबॉक्स उघडला नाही. उतारावर तिसरा हाताने धरतो किंवा सरळ दुसऱ्यात उतरतो. निसटण्याचं प्रमाण वाढलं तर उघडेन. गॅरेजवाल्याने मात्र बिलावर "गिअरबॉक्स तपासणी" म्हणून आठशे रुपये लावलेच.

डोंबिवली_स्लो
आठशेचे आठशे. रास्त आहे.

वसईची_वाट
धागा वर काढतेय. माझ्या १९९९च्या कारचा क्लच ठीक आहे, पण थंड असताना पहिला गिअर पडतच नाही, गरम झाल्यावर पडतो. इथेच विचारू की नवा धागा काढू?

पाना_दहा_बारा
इथेच विचारा. इंजिन बंद असताना पहिला सहज पडतो का? आणि गिअर ऑइल शेवटचं कधी, कुठल्या ग्रेडचं घातलं?